एकशेतीस आणि दोनशेच्या मधली जागा

पत्रक लिहायचं तर मागणी पहिल्या ओळीत. संघटनेत मला पहिली गोष्ट शिकवली ती ही. लोक पत्रक उभ्या उभ्या वाचतात, दुसऱ्या ओळीपर्यंत येतीलच असं नसतं. म्हणून सुरुवातीलाच सांगते: घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात माझ्या मावशीच्या वस्तीचं पाणी वस्तीच्याच हातात असायला पाहिजे. काही महिने ते होतं. आता नाही. ते कसं गेलं, एवढंच इथं लिहायचं आहे.

तेव्हा मी जालन्यात मस्तगडात नोकरी करत होते. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक खोली, तीन टेबलं आणि एक कुलर, तोही सरांच्या तोंडाकडं. आमचे सर गावोगावच्या पाणी योजनांना डबे बसवून द्यायचे. डबा म्हणजे लोखंडी पेटी. आत सिमकार्ड, बाहेर एक दिवा. डबा व्हॉल्व्हला जोडायचा, मग मोबाइलवर बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी सुटतं. बटण आणि डबा यांच्या मधलं जे काही असतं ते माझं काम.

ते मधलं क्लाउडमध्ये असतं. गावात हा शब्द काढला की लोक सवयीनं वर बघतात. वर काही नसतं. एका बड्या कंपनीची मशिनं कुठंतरी लांब, थंड इमारतीत चालू असतात, त्यातला एक कोपरा आपण भाड्यानं घ्यायचा. त्याला कुंपण घालायचं. आत खोल्या पाडायच्या. एक खोली दर्शनी, पॅनेलची, तिथं टाकी किती भरली हे कुणीही मोबाइलवर बघावं. एक खोली आतली, तिथं डब्यांना हुकूम देणारा सर्व्हर. याला व्हर्च्युअल नेटवर्क म्हणतात. हात लावायला काही नाही, पण भिंती आहेत, दारं आहेत, आणि कुणाला आत घ्यायचं हे ठरवणारं एक फाटक आहे.

हुकूम घ्यायला डबेही सिमवरून याच फाटकावर येतात. फाटकावर रूल असतात आणि प्रत्येक रूलला नंबर. बाहेरून कुणी आलं की त्याला लहान नंबरापासून एकेक रूल लावून बघितला जातो. जो पहिला लागू पडला, तोच खरा. त्याच्या खाली काय लिहिलंय ते मग कुणी वाचत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

कोर्सला गेले होते तेव्हा पहिल्याच तासाला शिकवणारा म्हणाला होता, "चांगलं नेटवर्क म्हणजे नीट वेगळं पाडलेलं नेटवर्क. कोण कुठं राहणार आणि कोण कुठं जाऊ शकणार, हे आधी ठरवा." मी मागच्या बाकावर हसले. त्याला वाटलं मला कळलं नाही. मला फार आधीपासून कळलेलं होतं.

मावशीच्या गावात चार गल्ल्या आहेत आणि ओढ्याच्या पलीकडं वस्ती. आमची, बौद्धांची. कागदावर तिला चांगलं नाव दिलेलं आहे, बोलताना गाव अजून 'खाली' म्हणतं. "खाली लाइट गेली का?" "खालून कोण आलंय?" आधीच्या योजनेत एकच पाणीसोड्या होता. चार गल्ल्यांना सोडून झालं की टाकीत जे उरेल ते खाली. उन्हाळ्यात उरायचं ते गढूळ, आणि बऱ्याचदा तेही नाही.

नवीन योजना आली, आमच्या सरांना काम मिळालं, आणि मी ग्रामपंचायतीच्या बैठकीत उभी राहून बोलले. चार गल्ल्या आणि वस्ती, पाच डबे. टाकीच्या पाण्याचे बराबर वाटे, प्रत्येकाची वेळ ठरलेली. आणि ज्याचा डबा त्याच्याच मोबाइलवर बटण. वस्तीचं बटण वस्तीतल्या बायांच्या गटाकडं. सर टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावून राह्यले होते, मी थांबले नाही. ठराव झाला. मोर्चा न काढता मान्य झालेली माझ्या आयुष्यातली ती पहिली मागणी. तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

बायांनी मोबाइल मावशीकडं दिला, कारण मावशी कुणाला भीत नाही. पहिल्यांदा बटण दाबायचं तेव्हा सगळी वस्ती डब्याभोवती जमली होती. मावशीनं पदराला बोट पुसलं, दाबलं आणि मोबाइल कानाला लावला.

"मावशे, कानाला न्हाई लावायचा. फोन न्हाई हा."

"मंग त्याला कळंल कसं म्या दाबलं ते?"

तेवढ्यात नळ फुसफुसला आणि पाणी आलं. स्वच्छ. मावशीनं एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा बोटाकडं. म्हणाली, "कुणाला काही म्हणावं लागलं न्हाई." बस, एवढंच. तिच्या तोंडून आलेलं एवढं लहान वाक्य मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं.

त्यानंतर सर नेटवर्क गावाच्या ताब्यात देणार होते, म्हणून ग्रामपंचायतीत पडद्यावर सगळं दाखवायचं ठरलं. पाणी समितीचे सचिव होते. तिशीतला माणूस, कायम इस्त्रीचा शर्ट, कायम दोन मोबाइल. आणि आबा होते, पहिल्या गल्लीतले म्हातारे. गावात कुठलीही गोष्ट आबांसमोर झाल्याशिवाय झाली असं धरत नाहीत. मी फाटकाचे रूल पडद्यावर लावले. डब्यांच्या रूलना मी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं नंबर दिले होते. त्यात वस्तीचं नाव आधी येत होतं. वस्तीला शंभर, मग गल्ल्यांना एकशेदहा, एकशेवीस, असं. सगळ्यांत खाली, तीनशेवर, पॅनेल बघायला येणाऱ्या सगळ्यांसाठी मोकळी वाट.

आबांना इंग्रजी येत नाही, आकडे येतात.

"हे वरचं कुणाचं?"

"वस्तीचं, आबा."

"वर कसं काय?"

मी समजावलं. नंबर नुसता ओळखीपुरता आहे. डबे वेगळे, त्यांचे पत्ते वेगळे, कुणाचा रूल कुणाच्या आड येत नाही. वर असलं काय, खाली असलं काय, पाणी सगळ्यांना तेवढंच.

आबा शांतपणे म्हणाले, "पोरी, पोळ्याला बैल तोरणाखालून जात्यात. चारा सगळ्यांना तेवढाच आस्तो. पण पहिला बैल आमचा जातो. मंग दुसऱ्या गल्लीचा. तशी रीत हाय."

"आबा, हा पोळा न्हाई, नेटवर्क हाय."

"मंग तर काहीच हरकत न्हाई. नुसता ओळखीपुरताच नंबर हाय म्हणतीस ना? दे मंग आम्हाला वरचा."

पंचायतीत हशा पिकला. सचिव टाळी देऊन हसला. आणि खरं सांगते, वाद म्हणून तो बिनतोड होता. मी म्हणाले, मी बदलणार नाही. नंबराला काही अर्थ नाही तर तुम्हाला तरी कशाला पाहिजे? सर उठले, मला बाजूला सारलं, कीबोर्ड स्वतःकडं ओढला.

"मॅडम पत्रकं लिहितात हो, सवय आहे त्यांना," असं गावाकडं बघून म्हणाले आणि नंबर बदलले. पहिल्या गल्लीला शंभर. दुसरीला एकशेदहा. तिसरीला एकशेवीस. चौथीला एकशेतीस. वस्तीला एकशेचाळीस टाकणार, तर सचिव म्हणाला, "सर, मधी जागा सोडा ना. उद्या गावात एखादी गल्ली वाढली तर?"

"बराबर," सर म्हणाले आणि वस्तीला दोनशे टाकले.

जीपमध्ये परत येताना घनसावंगीच्या फाट्यावर त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "अगं, आकड्याला कुठं जात असते का?" मी म्हणाले, "आता आहे, सर." त्यांनी बिल दिलं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, एवढ्यावरून काय बिघडलं? काहीच नाही. थंडीभर पाचही डबे चालले. मावशी सकाळी बटण दाबायची. वस्तीत भांडणं व्हायची, पण ती आपापसातली. कुणी हंडा मधे घातला, कुणी पाइप लांबवला. ती भांडणं ऐकायला मला बरं वाटायचं.

उन्हाळा तापला आणि पॅनेलवर टकटक सुरू झाली. हे होतंच. इंटरनेटवर दार दिसलं की जगातल्या कुठल्या कुठल्या मशिनी येऊन ते उघडं आहे का बघून जातात. त्यांना आपलं गाव ठाऊक नसतं, पाणी ठाऊक नसतं. दार पक्कं असलं की निघून जातात. पण सचिवाच्या मोबाइलवर इशाऱ्यांची रांग लागली आणि त्यानं सरांना फोन केला. हॅकर आलेत, टाकी रिकामी करतील. मी त्या दिवशी राजूरला एका बैठकीला गेल्ते. मी असते तर टकटक करणारे पत्ते तेवढे बंद केले असते. सरांनी बघितलं, टकटक बरीचशी एकाच मोबाइल कंपनीच्या पत्त्यांवरून येतेय, आणि त्या कंपनीच्या पत्त्यांची सगळी पट्टीच बंद केली. गावाचे चार डबे दुसऱ्या कंपनीच्या सिमवर होते, तिथं काही धोका नव्हता. एक डिनायचा, म्हणजे मनाईचा रूल, जल्दीत टाकलेला. नंबर? मधे मोकळी जागा होतीच. एकशेपन्नास.

वस्ती ओढ्याच्या खळग्यात आहे. गावाच्या चार डब्यांतल्या सिमची रेंज तिथं येत नाही. तिथं येते ती एकाच कंपनीची. ज्या कंपनीची पट्टी बंद केली, तिचीच.

वस्तीचा डबा फाटकावर आला की आता आधी एकशेपन्नास लागायचा. घेऊ नका. दोनशेवर 'वस्तीला येऊ द्या' असं लिहिलेलं होतं, अजूनही आहे. तिथपर्यंत कुणी वाचतच नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. "डब्याचा दिवा तांबडा झालाय. बटन दाबून दाबून बोट दुखून राह्यलं."

मी गेले. डबा ठणठणीत होता. सिम चालू, वीज चालू. लॅपटॉप उघडून फाटकावरची नोंद बघितली तर वस्तीचा डबा येतोय, परत पाठवला जातोय, थोडं थांबून पुन्हा येतोय, पुन्हा परत. ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ. मावशी खांद्यावरून बघत होती.

"काय म्हणतंय?"

"डबा दार वाजवून राह्यलाय, मावशी. आत घेत न्हाईत."

"का बरं? ह्यानं काय केलं?"

"काहीच न्हाई केलं."

मावशीनं मान हलवली. तिला त्यात नवीन काही वाटलं नाही. मला मात्र राग आला, कारण दुरुस्ती मला दिसत होती. वस्तीचा रूल एकशेपन्नासच्या वर घ्यायचा. एकशेचाळीस. एक आकडा बदलायचा. मी सरांना तिथूनच फोन लावला.

"करू, करू," सर म्हणाले. "पण नेटवर्क आता गावाच्या ताब्यात आहे. नंबर बदलायचा तर समितीला विचारावं लागेल. तू परस्पर हात लावू नको, बिलकुल."

समितीची बैठक भरेपर्यंत वस्ती हातपंपावर गेली. मावशी, तिच्या शेजारची नवी सून, म्हाताऱ्या, सगळ्या. बैठकीत मी नंबर कसे चालतात ते पुन्हा सांगितलं. या वेळी मात्र सगळ्यांना बरोबर कळलं. फार बरोबर कळलं.

सचिव म्हणाला, "म्हणजे वरच्या नंबराला अर्थ आस्तो तर. तुम्हीच म्हणल्या होत्या, नुसता ओळखीपुरता."

"तेव्हा मधे हा रूल नव्हता."

"मंग आबाचंच खरं झालं की ताई. रीत उगं न्हाई आस्ती."

आबा खुर्चीत टेकून बसले होते. शेवटी एवढंच म्हणाले, "एकशेचाळीस म्हणजे चौथ्या गल्लीला लागून झालं. चौथ्या गल्लीवाल्यास्नी इचारा." चौथ्या गल्लीवाले खाली बघत बसले. त्यातले दोघं मावशीच्या बरोबर शेतात कामाला जातात, एका झाडाखाली भाकरी खातात.

मी म्हणाले, वस्तीला वर घ्यायचं नसेल तर एकशेपन्नासचा रूल तरी काढा. सचिव म्हणाला, "आन् हॅकर?" सर म्हणाले, "सिक्युरिटीचा प्रश्न आहे." हा शब्द आला की गावातलं बोलणं संपतं.

मग मी मला येतं ते केलं. पत्रक काढलं. पहिल्या ओळीत मागणी: 'वस्तीचा रूल एकशेपन्नासच्या वर घ्या!' खाली कारणं, खाली जाहीर निषेध. गावाच्या पारावर, घनसावंगीच्या स्टँडवर, जीपमध्ये वाटलं. स्टँडवर एका म्हाताऱ्यानं चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि विचारलं, "बाई, हे एकशेपन्नास म्हणजे कलम हाय का?" एका पोरीनं विचारलं, भरती निघाली का. मी प्रत्येकाला थांबवून समजावत राहिले आणि माझ्या लक्षात यायला लागलं की हंडा लोकांना दिसतो, विहीर दिसते, विहिरीवरून हाकलणारा हात दिसतो. हे दिसत नाही. इथं कुणी कुणाला हाकललेलं नाही. कुणी शिवी दिली नाही. फोटो काढायचा तर कशाचा काढायचा, तांबड्या दिव्याचा?

पत्रक सरांपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी मस्तगडात जिना चढून गेले, लॅपटॉप उघडला तर आत जाता येईना. माझाच पासवर्ड चालेना. सर कुलरकडं तोंड करून बसले होते.

"तूच शिकवलंस मला," ते म्हणाले. "ज्याचं काम संपलं त्याचा अॅक्सेस काढायचा. चांगली पद्धत आहे."

मी टेबलातला माझा चष्मा आणि पत्रकांचा गठ्ठा घेतला आणि खाली आले. दुकानदार गिऱ्हाइकाला नळाच्या तोट्या दाखवत होता. 

गावानं शेवटी तोडगा काढला. 'तोडगा' हा त्यांचा शब्द. वस्तीच्या लाइनवर वर टाकीपाशीच नवीन व्हॉल्व्ह बसवला. तिथं रेंज चांगली, सिम गावाच्या कंपनीचं, फाटकावर अडायचा प्रश्न नाही. वस्तीतला जुना व्हॉल्व्ह कायमचा उघडा करून टाकला. पाणी येतं. वेळेवर येतं, वाटाही तेवढाच. तक्रार करायला जागा ठेवली नाही. फक्त नव्या व्हॉल्व्हचं बटण सचिवाच्या मोबाइलवर आहे, आणि वस्तीनं सकाळी फोन करून 'खोला' म्हणायचं. "उगं पाणी वाया जायला नको," असं ठरावात लिहिलंय. गल्ल्यांना फोन करावा लागत नाही.

पंधरवड्यापूर्वी मी मावशीकडं मुक्कामाला होते. सकाळी ती ओट्यावर मिश्री लावत बसली होती. तोंड धुतलं, पदर डोक्यावर घेतला, मग फोन लावला. फोनवर बोलताना पदर! समोरचा तिच्या धाकट्या पोराच्या वयाचा.

"दादा, उठले का? चहा झाला का? ... हाव, हाव. लेकरं बरी हायेत ना? ... दादा, तेवढं खोला की जरा."

पलीकडून आवाज आला, "काय गं, रोज एवढ्या सकाळीच घाई आस्ती का तुम्हाला?"

मावशी हसली. खोटं, लांब हसली. फोन ठेवला आणि ओट्याखाली थुंकली. "मुडदा बशिवला ह्याचा."

"मावशे, तू का करतीस फोन? दुसऱ्या कुणालातरी सांग."

"पाळी हाय. घरटी एक-एक दिस." तिनं हंडा नळाखाली सरकवला. "माझी माय विहिरीच्या खाली घागर धरून उभी राह्याची. वरून कुणी ओतलं तर ओतलं. आम्हाला वाटलं, ते गेलं."

ओट्याच्या पलीकडं जुना डबा तसाच आहे. कुणी काढला नाही, वीजही तोडली नाही. वरून कुणीतरी धुतलेली फडकी वाळत घातली होती. फडक्याआड तांबडा दिवा दिसत होता. म्हणजे तो अजून दार वाजवतोय. मला आता नोंद दिसत नाही, पण ती तिथं लिहिली जातच असणार.

शेजारची नवी सून कळशी घेऊन आली. उद्या फोनची पाळी तिची. हळू बोलणारी, गप्प पोरगी. मागच्या पाळीला तिनं फोन लावला आणि एकदम "पाणी सोडा" म्हणाली होती. सचिव म्हणाला, "कोण बोलतंय हे? हुकूम सोडती का?" त्या दिवशी पाणी दुपारी आलं आणि वस्तीतल्या बायांनी बोल लावले ते हिलाच.

मावशीनं तिला ओट्यावर बसवलं. माझा मोबाइल घेऊन तिच्या हातात दिला.

"हं, बोल. म्या सचिव हाय."

सुनेनं मोबाइल कानाला लावला. "दादा, पाणी..."

"न्हाई! पाणी आधी न्हाई. पाणी पार शेवटी. आधी चहा झाला का इचारायचं. मंग लेकरं. मंग हसायचं. हसल्याचं त्याला ऐकू आलं पाह्यजे. मंग म्हणायचं, तेवढं खोला की जरा. पुन्हा कर."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी मान वळवली. मावशीनं तिची हनुवटी धरून आपल्याकडं फिरवली.

"हिच्याकडं नको बघू. हिला येत न्हाई हे. पुन्हा कर."

"दादा, चहा झाला का?" ती म्हणाली.

"आता हस," मावशी म्हणाली.